जिजीच्या शिव्या

जिजी रोज सकाळी पहिली शिवी नदीला द्यायची आणि दुसरी मला. नदीची शिवी ठरलेली असे, तिच्यात वर्षानुवर्षं फरक पडला नाही. माझी मात्र रोज नवीन. घाटाच्या पायऱ्या उतरताना तिच्या काठीचा आवाज आला की मी चुलीपुढे बसल्या बसल्या कान टवकारायचे, आज काय निघतंय म्हणून. एखाद्या दिवशी ती काही न बोलता गेली तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं, असं कोणी सांगेल तर ते साफ खोटं आहे. त्या दिवशी मला फार बरं वाटायचं.

हे मी सांगते आहे आणि माझी धाकटी लेक लिहून घेते आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझी अहिराणी पुसून तिथे पुस्तकातली भाषा ठेवते. ठेवू दे बापडी. पण जिजीचं बोलणं मी तिला बदलू देत नाही. पुस्तकातल्या भाषेत भांडली असती तर जिजीला गावात कोणी भ्यालं नसतं.

आमच्या गावाला सगळे बंदर म्हणत. सारंगखेड्याच्या खाली, तापीच्या ऐन वळणावर ते आहे, आणि पुढे काही कोसांवर गायकवाडी हद्द लागायची. बंदर म्हणजे काय, तर काळ्या दगडाचा रुंद घाट, नावा बांधायच्या जुन्या लोखंडी कड्या आणि वर एक छप्पर उडालेली वखार. कधी काळी सुरतेकडच्या नावा इथपर्यंत येत, मीठ आणि खोबरं उतरवत, कापूस भरून नेत, असं म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्या कड्यांना बांधायला दोन डोंगे आणि पाटलाची म्हैस एवढंच उरलं होतं. पण ऐट बघावी तर विचारू नका. माझं माहेर शहाद्याकडचं. लग्नाच्या पंगतीतच माझ्या काकाला कोणीतरी म्हणालं, "तुम्हनं काय, खेडंगाव. आम्हनं बंदर शे." काका बिचारा समोरच्या म्हशीकडे बघत राहिला.

सगळ्यात मोठी ऐट जिजीची. तिचा सासरा तांडेल होता, म्हणजे नावेवरचा मुख्य माणूस. नदीत वाळू कुठे सरकली, पाणी कुठे खोल गेलं, हे त्याला काठावरून नुसतं बघून कळत असे. तीच विद्या जिजीच्या नवऱ्याकडे आली आणि तो तरुणपणी गेल्यावर जिजीकडे राहिली. रेल्वेनं बंदर बुडवलं म्हणून ती रेल्वेनं आलेलं काही खात नसे. कोणी गुळाचा खडा पुढे केला तर म्हणायची, "इंजिनना धूर लागेल गूळ मी नई खास." मी नवीन होते, तोंडाला आवर नव्हता. एकदा चारचौघींत विचारलं, "जिजी, तुन्ही तपकीर सुरतहून कशी येस? पव्हत येस का?" बायका पदर तोंडात घालून हसल्या. जिजी त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तो महिना माझा सुखात गेला.

आता आमचं पोट कशावर चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही भोई. नावा गेल्या, मासळी कधी मिळे कधी नाही. खरा आधार नदीतल्या वाळूचा. पावसाळा संपून पाणी उतरलं की तापीत लांबच लांब वाळू उघडी पडते. त्या वाळूत खड्डे घ्यायचे, खाली ओल लागली की लेंडीखत भरायचं आणि टरबूज-खरबुजाचं बी लावायचं. वेल उन्हाळ्यापर्यंत वाळूवर पसरतात. प्रत्येक घराचा वाळूचा एक पट्टा, त्याला आम्ही वाडी म्हणतो. अडचण एवढीच की दर पावसाळ्यात पूर येतो आणि सगळ्या हद्दी पुसून नेतो. बांध नाही, दगड नाही, कागद तर नाहीच. गेल्या वर्षी तुझी वाडी कुठे होती, हे फक्त जिजीला माहीत.

पाणी उतरलं की ती घाटाच्या एका ठरलेल्या पायरीवर उभी राहायची. एक डोळा मिटून काठी समोर उभी धरायची. पाठीमागे महादेवाचा कळस, पलीकडच्या काठावर कुठे चिंच, कुठे पडका बुरूज, कुठे खडकाचं टोक. त्या खुणांवरून ती ओळ धरी आणि खाली वाळूत खुंटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगे, "वर... वर... जरा खाल... बस." मग वाडीवाल्याचं नाव पुकारायचं. त्यानं पुढे येऊन खुंटीला पाय लावायचा आणि म्हणायचं, "शे," म्हणजे आहे, माझी आहे. जिजी म्हणणार, "ठोक." मोगरीचा घाव बसला की वाडी त्याची झाली, आणि ठोकलेली खुंटी पुढच्या पुरापर्यंत कोणी उपटायची नाही. नाव पुकारल्यावर उभं राहायला कोणी आलंच नाही तर जो उभा राहील त्याची वाडी. एका वाडीची खुंटी बसल्याशिवाय पुढच्या वाडीची ओळ धरता येत नसे, कारण माप त्या खुंटीपासून पुढे जायचं. अशा चाळीस वाड्या. आमची पाचवी.

चौथी जिजीच्या घरची. ती तिच्या पुतण्याच्या नावावर होती, खुंटीला तोच उभा राहायचा, पण वर्षभर राबायची जिजी. म्हणजे वाळूत माझी शेजारीण जिजी. माझ्या नशिबाला आणखी काय हवं होतं? दोन वाड्यांच्या मध्ये वाळूचाच हातभर उंच बांध घालतात. तो बांध जिजीच्या पायाला लागून चालत असे, असं मी म्हणायचे. सकाळी इथे, संध्याकाळी तिथे, आणि नेहमी माझ्याच बाजूला सरकलेला. मी सारंगखेड्याच्या यात्रेला एक दिवस गेले, बांगड्या भरून आले, तर माझ्या दोन वेली तिच्या वाडीत. विचारलं तर म्हणाली, "वेलीसले पाय ऱ्हातस. त्या उन्हात मन्हाकडे." मी बांध परत सरकवला. तिनं परत सरकवला. आम्ही दोघींनी मिळून तेवढ्या वाळूत विहीर खणली असती इतकी मेहनत त्या बांधावर केली आहे.

तिला कोणाचं काही आवडायचं नाही. डोंगरातून पावरा बाया आडोशाच्या गवताचे भारे घेऊन यायच्या, त्यांच्याशी ती त्यांच्या बोलीत भांडायची. पुजाऱ्याशी घंटेवरून, पाटलाशी म्हशीवरून, आणि कोणीच सापडलं नाही तर पलीकडच्या काठावरच्या चिंचेशी, कारण ती चिंच वाढली की तिची ओळ बिघडे. गावात तिला मानत सगळे, पण ती आवडत कोणालाच नव्हती. मीही तिचा मनापासून राग करायचे. माझ्या पोटात लेक होती तेव्हा डोहाळे पुरवायला शेजारणी काय काय आणायच्या. जिजीनं बांधावरून बघितलं आणि म्हणाली, "खाली वाक जरा. पोट वाकाले आडं येस, बी लावाले नई." ते मी कधी विसरले नाही.

मग मानमोडीचं साल आलं. त्या तापाला आमच्याकडे मानमोडी म्हणत, कारण तो आला की माणसाची मान वर उचलत नसे. त्या साली पाऊसही नव्हता. नदी दसऱ्यालाच उतरली, वाळू लवकर उघडी पडली, आणि घरोघर माणसं आजारी. आमच्या आळीत रोज एक तरी जाई. ह्यांना बुधवारी ताप आला आणि रविवारी हे गेले. डोंगा हाकणारा धडधाकट माणूस. मला त्या दिवसातलं फारसं आठवत नाही. मोठी लेक पाच वर्षांची होती आणि धाकटी, ही लिहिणारी, अजून रांगत होती, एवढं आठवतं.

आमच्यात नवरा गेला की बाईनं सव्वा महिना घरातल्या कोपऱ्यात बसायचं. बाहेर पडायचं नाही, कोणाला तोंड दाखवायचं नाही. मी बसले. आणि ह्यांच्या दहाव्याच्या आत गावानं खुंट्यांचा दिवस धरला. गावाचाही इलाज नव्हता, वाळूतली ओल कोणासाठी थांबत नाही.

माझे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, फार गोड माणूस. जेठ धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून ते दारात उभे राहून सासूबाईंना सांगायचे आणि मी आतून ऐकायचे. "माय, तिले सांग, कसानी काळजी करू नको. वाडीले मी उभा ऱ्हास. दोन पोरी काय मन्हाच शेत. आठेच भाकर खातीन." सासूबाई डोळे पुसायच्या. आळीतल्या बायका येऊन म्हणायच्या, असा जेठ मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवायची. पण मला कळत होतं. जेठांना तीन मुलगे. एकदा खुंटीला त्यांचा पाय लागला की वाडी त्यांची, आणि मग मी आणि माझ्या दोन मुली जन्मभर त्यांच्या ओट्यावर, त्यांनी घातली तर भाकरी आणि नाही घातली तर नाही. हे कळूनही मी बसून राहिले. अंगात त्राणच नव्हतं, आणि जे सगळे चांगलंच बोलत होते त्यांच्याशी भांडणार कशावरून?

आमचं घर घाटाच्या अगदी डोक्यावर. मागच्या खिडकीतून खालचं सगळं ऐकू येतं. पहिल्या चार खुंट्या बसल्या. मग जिजीनं ह्यांचं नाव पुकारलं. मेलेल्या माणसाचं नाव, आणि आवाज नेहमीसारखाच खणखणीत. खालून जेठांचा आवाज आला, "शे."

जिजी म्हणाली, "मी तुन्हं नाव लिधं का?"

"भाऊ गया ना, जिजी. मी उभा शे."

"त्यानी बायको जित्ती शे ना?"

"ती कोपरामा शे."

"मंग कोपरामातून काढा. मन्हं भांडन तिन्हासंगे शे, तुन्हासंगे नई. तू शेजारले उना तं मी भांडू कोनासंगे?"

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. पण जिजीनं काठी आडवी ठेवली, पायरीवर बसली आणि तपकिरीची डबी काढली. पाचवी खुंटी बसेना, म्हणजे सहावी बसेना, म्हणजे चाळीसावीपर्यंत एकही बसेना. पंचांतला एक म्हातारा समजवायला गेला, की बाईमाणूस सव्वा महिना बाहेर येत नाही, तुला रीत माहीत आहे. जिजी म्हणाली, "मंग मी बी सव्वा महिना आठेच बठस." आणि तिनं चिमूट ओढली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाव तिच्यावर चिडलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर चिडलं. पस्तीस घरांची वाळू उन्हात सुकत होती. बायका येऊन कोपऱ्यापाशी बसत आणि गोड आवाजात सांगत, "सांगी दे ना वं जिजीले, मी वाडी सोडी. तुले काय करनी वाडी? जेठ शे ना." एकीनं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आणि खिडकीतून जिजीचा आवाज, सारखा चालूच. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "नवरा मरना, हात मरनात का तिन्हा?" ते मी गिळलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कोपरामा उंदीर बठस. देखा कोनी, तिले शेपूट फुटनी का." मी कानावर हात घेतले. मला रडू आलं, की माणूस जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि ही सटवी काय बोलते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुंटी धरून बसलेल्या माणसाला म्हणाली, पण आवाज असा की पलीकडच्या काठाला कळावं, "जाऊ दे. तिन्ही वाडी गई तं बरंच. तिन्हं टरबूज ढोरबी खात नई. पांढरं, पानचट. नवरा राबे म्हनीसन काही पिके. तिले काय येस?"

नवऱ्यावरून बोलली, मी सोसलं. उंदीर म्हणाली, सोसलं. पण टरबूज? हे दिवसभर डोंग्यावर असत. बी फडक्यात बांधून पाच-पाच दिवस कमरेच्या उबेला मी ठेवायची. पेंड कुजवून खतात मी मिसळायची. हातानं घडे वाहून पाणी मी घालायची, पोटात लेक असताना सुद्धा. आमचं टरबूज कापलं की रसानं हात चिकटत, नंदुरबारच्या बाजारात लोक आमच्या वाडीचं म्हणून मागून घेत, आणि हे सगळ्यात जास्त कोणाला माहीत होतं, तर बांधापलीकडे बसून रोज बघणाऱ्या त्या थेरडीला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. सासूबाई "अवं, अवं" म्हणेपर्यंत मी दाराबाहेर होते. डोक्यावर पदर होता की नव्हता कोण जाणे. घाटावर सगळं गाव बसलेलं, जेठ बसलेले, मी कोणाकडे बघितलं नाही.

"कोन म्हनस मन्हं टरबूज पानचट?" मी वरूनच ओरडले.

"मी म्हनस," जिजी म्हणाली. "काय बोली ऱ्हायनी तठून? आयकू येत नई. खाले वाळूमा उभी ऱ्हाय आनि बोल."

मी तरातरा पायऱ्या उतरले आणि वाळूत गेले. ती काठीनं दाखवत होती, आणखी पुढे, आणखी पुढे, आणि मी रागाच्या भरात तशी तशी चालत होते, मोगरीवाला खुंटी घेऊन माझ्या मागोमाग. जिथे थांबले तिथून मी तिला सगळं सुनावलं. बी कोणी भिजवलं, पाणी कोणी घातलं, बांध कोणी चोरला. सात वर्षांचं साठलेलं होतं. ती ऐकत होती, एक डोळा मिटून, काठी समोर उभी धरून.

मग तिनं विचारलं, "ही वाडी कोनी पिकाडी?"

"मी पिकाडी."

"कोनी शे?"

"मन्ही शे. आखो कोनी ऱ्हाई?"

"ठोक," जिजी म्हणाली.

मोगरी धरणारा माणूस वीस वर्षं तिच्या हाताखाली काम करत होता. तिचा 'ठोक' ऐकला की त्याचा हात आपोआप खाली यायचा. तो आला. मी खाली बघितलं तर पाचवी खुंटी माझ्या पायाशी, आणि घाव अर्धा खुंटीवर, अर्धा माझ्या अंगठ्यावर. त्या अंगठ्याचं नख पुढे चार महिन्यांनी आलं. मी कळवळून खाली बसले. जेठ उठून उभे राहिले आणि परत बसले. ठोकलेली खुंटी उपटायची नाही, हे त्यांनाही माहीत होतं. जिजीनं तोवर सहाव्या वाडीचं नाव पुकारलं होतं.

मी लंगडत घरी आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता ह्या कपाळ बडवणार. त्या एवढंच म्हणाल्या, "पाय धुई ले," आणि तांब्या पुढे केला. मी परत कोपऱ्यात बसले नाही. दुसऱ्या दिवशी वाळूत खड्डे घ्यायला गेले, तेव्हा आळीतल्या ज्या बाईनं डोक्यावरून हात फिरवला होता तिनं मला बघून तोंड फिरवलं. जेठ पुढची तीन वर्षं आमच्या दारात आले नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मी जिजीच्या पाया पडले असेन. छे. दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले आणि पावलांनी माप घेतलं, तर वरच्या, म्हणजे जिजीच्या, बाजूनं वाडी हातभर कमी. भांडायच्या नादात मी होते आणि तेवढ्यात बाईनं आपलं काम करून घेतलं होतं. मी तिला बांधावर गाठलं. ती म्हणाली, "घरमा बठेल व्हती तं समदी गई व्हती. आते हातभरसाठे रडस?" मी तिला त्या दिवशी जे बोलले ते माझी लेक लिहायला तयार नाही. पुढची कितीतरी वर्षं आम्ही तशाच भांडलो. मी धाकट्या लेकीला शाळेत घातलं तेव्हा ती बांधावरून म्हणाली, "शाळामा शिकाडीसन काय, टरबूजले बाराखडी वाचाडशी?" लेक पुढे शिक्षकिणीच्या परीक्षेला गेली, तिचं सगळं त्याच वाळूवर झालं. जिजीनं कधी बरं म्हटलं नाही. आणि ती शिवी तिनं मला मुद्दाम दिली होती, की सहज तिच्या तोंडात आली होती, हे मला काही कळत नव्हतं. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, मी उपकार मानते.

मग एका थंडीत जिजीला अर्धांग झाला. डावी बाजू गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पुतण्यानं तिची खाट मागच्या पडवीत, गुरांच्या शेजारी टाकली. त्या वर्षी खुंट्यांची ओळ दुसऱ्याच कोणी धरली आणि सगळ्यांच्या वाड्या वाकड्यातिकड्या झाल्या. पुतण्यानं माझ्या बाजूला दोन हात बांध सरकवला. ती तक्रार घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जिजीला भेटायला गेले असं गावात बोलतात, पण मी भांडायला गेले होते.

पडवीत घरची सगळी माणसं तिच्याशी मोठ्या गोड आवाजात बोलत होती. सून म्हणत होती, "जिजी, पानी पेस का? जिजी, बरं वाटस ना?" आणि पाणी तर कोणी पाजत नव्हतं, तांब्या खाटेपासून दूर होता. पुतण्या मला म्हणाला, "बांधनं काय, बठीसन बोलू आपण, घरनीच माणसं शेत." जिजी छपराकडे बघत होती. मी तिला पाणी पाजलं. अर्धं गळ्यावरून खाली आलं. घरची माणसं आत गेली तेव्हा मी खाटेपाशी बसले आणि इतक्या वर्षांनी विचारलं, "जिजी, त्या साले मन्हा टरबूजले पानचट म्हने तू. मुद्दाम म्हने का?"

ती तुकड्या तुकड्यानं, एका बाजूच्या तोंडानं म्हणाली, "मन्हा येळले... माले कोपरामा बसाडं... तवय कोनी शिवी दिधी नई, वं. समदा गोड बोलनात."

तिचा नवरा तरुणपणी गेला हे मला माहीत होतं. चौथी वाडी पुतण्याच्या नावावर हेही माहीत होतं. पण ती त्याच्या बापाच्या नावावर कधी आणि कशी गेली, हे मी एका बांधावर इतकी वर्षं भांडून कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं बघितलं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

आत सून परत गोड आवाजात विचारत होती, "जिजी, काही व्हयना का?" मी उठले. पदरानं डोळे पुसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तोंड तं तुन्हं आधीबी वाकडंच व्हतं, जिजी. अर्धांगनी काय नवीन कयं?"

सून दारात आली, माझ्याकडे बघतच राहिली. जिजीनं भिंतीकडून मान वळवली. तिचा चांगला डोळा मोठा झाला, मग बारीक झाला. ती मला शिवी द्यायला लागली. जीभ वळत नव्हती, शब्द अर्ध्यात अडकत होता, ती परत पहिल्यापासून सुरुवात करत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. शिवी लांब होती, तिला बराच वेळ लागला. ती पुरी झाल्यावर मी घरी आले.